ड्रॉपर सीटपोस्टची सीट वर येताना रेंगाळते, शेवटी हाताने ओढावी लागते. कार्ट्रिज बदलावंच लागेल, की घरी काही करता येईल?

ड्रॉपर म्हणजे हँडलवरच्या लिव्हरने सीट वर-खाली करता येणारा सीटपोस्ट. तुम्ही लिहिलंय की लिव्हर दाबून बसलं की सीट नीट खाली जाते, पण वर येताना दम खाते आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर हाताने ओढावी लागते. मेकॅनिकने बघताक्षणी "कार्ट्रिज गेलं" म्हणून सांगितलं. कार्ट्रिज म्हणजे पोस्टच्या आतलं, वायूच्या दाबाने सीट वर ढकलणारं सिलिंडर. ते गेलंही असेल, पण पोस्ट फ्रेममधून बाहेर काढल्याशिवाय ते ठरवता येत नाही. शिवाय कार्ट्रिज खराब झालं की सहसा वेगळी लक्षणं दिसतात. सीट पूर्ण वर असताना तुम्ही बसलात की ती थोडी दबते, नाहीतर लिव्हरला हात न लावता हळूहळू खाली जाते. तुमच्या तक्रारीत यातलं काहीच नाही. म्हणून मी बाहेरून आत जायला सांगेन, कार्ट्रिज सगळ्यात शेवटी.

पहिला संशयित फ्रेमवरचा सीट क्लॅम्प, म्हणजे पोस्टला फ्रेममध्ये आवळून धरणारी कडी. त्याचा बोल्ट अर्धा आटा सैल करा आणि सीट दोन-चार वेळा वर-खाली करून बघा. झटकन वर आली तर तुमचं काम झालं. ड्रॉपरची बाहेरची नळी पातळ असते. क्लॅम्प जोर लावून आवळला की ती किंचित दबते आणि आतले बुश (सरकत्या नळीला आधार देणाऱ्या कड्या) सरकत्या नळीला धरून ठेवतात. साध्या सीटपोस्टला हे सगळं चालून जातं, त्यामुळे हाताला कचकचून आवळायची सवय लागलेली असते. ड्रॉपरला बहुतेक वेळा ५ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. क्लॅम्पवर एक आकडा आणि पोस्टच्या माहितीपत्रकात दुसरा असेल, तर कमी असेल तो धरा. तेवढ्यावर पोस्ट फ्रेममध्ये घसरत असेल तर बोल्टवर जोर काढू नका, कार्बन पेस्ट लावा. तिच्यात बारीक कण असतात, त्यांच्यामुळे कमी ताकदीत पकड येते, आणि ती ॲल्युमिनियमच्या फ्रेमलाही चालते.

क्लॅम्प सैल करून फरक पडला नाही तर केबलकडे वळा. केबल ढिली असेल तर पोस्टच्या तळाशी असलेली कळ पूर्ण दाबली जात नाही, आतला व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतो आणि सीट रेंगाळते. जास्त ताणलेली असेल तर उलटं होतं: व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि सीट बसल्या बसल्या खाली सरकते. लिव्हरजवळचा बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा गोल स्क्रू, फिरवून लिव्हरला मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा, त्याहून जास्त नको. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे सीट सोडून बघा. एका बाजूला पटकन येते आणि दुसऱ्या बाजूला अडखळते, असं झालं तर हाउसिंग (केबलचं बाहेरचं आवरण) आखूड पडतंय किंवा फ्रेममध्ये शिरताना तीव्र वळण घेतंय. अशा वेळी पोस्टला हात लावायची गरजच नाही.

आता खरी कसोटी. क्लॅम्पच्या रेषेवर पोस्टला चिकटपट्टी लावा, म्हणजे उंची परत जुळवताना डोकं खाजवावं लागणार नाही. केबल लिव्हरकडून सैल करा. एका हाताने पोस्ट वर ओढा आणि दुसऱ्या हाताने पुढून हाउसिंग फ्रेममध्ये ढकलत राहा. नुसतं ओढलंत तर केबलला मोड पडेल. तळाची केबल सोडवा, सीट खाली दाबून धरा आणि तळाची कळ बोटाने दाबा. तोंड सीटच्या वर आणू नका, निरोगी ड्रॉपर चांगला जोरात सुटतो. इथे सीट झपकन वर आली तर दोष केबलचा किंवा क्लॅम्पचा. नवी इनर केबल आणि हाउसिंग टाका, विषय संपला. इथेही रेंगाळली तर दोष पोस्टमध्ये आहे, पण तरी तो कार्ट्रिजचाच असेल असं नाही.

खालच्या नळीच्या तोंडाशी आट्यांची कॉलर असते, तिच्यात धूळ अडवणारं सील. रबरी हातमोजा घालून किंवा पट्ट्याच्या पान्याने ती उघडा आणि वर सरकवा. चकचकीत नळीला पक्कड किंवा वाइस लावायचा नाही, तिच्यावर एक ओरखडा पडला की तो दर वेळी सील खरवडत राहतो. सीलच्या ओठात बोट फिरवलंत की करडा, ओशट चिखल निघेल. नळीला पकडून ठेवणारा तो हाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं केलेलं, धागे न सुटणारं फडकं घेऊन सील, बुश आणि नळी पुसा. डब्ल्यूडी-४० मारायचा मोह आवरा, असलेलं ग्रीस धुऊन जातं आणि थोड्या दिवसांत कोरडं घर्षण उरतं.

खाली खाचांमध्ये बसलेल्या पितळी पट्ट्या दिसतील. सीट गोल फिरू नये म्हणून त्या असतात. कुठली पट्टी कुठल्या खाचेतली ते लक्षात ठेवा, कारण त्या वेगवेगळ्या मापांच्या असू शकतात. झिजल्या असतील तर बदला. पण सीटचं टोक डावी-उजवीकडे जरासं हलणं बहुतेक ड्रॉपरमध्ये असतंच, त्याच्या मागे लागू नका.

ग्रीस सस्पेन्शनचं, पातळ घ्या. बेअरिंगचं जाड ग्रीस भरलंत तर सीट आधीपेक्षा मंद होईल, थंडीत तर विचारूच नका. सीलच्या आत आणि बुशवर पातळ थर द्या, कॉलर हाताने बसवा, सीट बऱ्याच वेळा वर-खाली करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका.

काही पोस्टना सीटखाली किंवा तळाशी हवेचा व्हॉल्व्ह असतो. तुमच्याला असेल तर शॉक पंपाने (सस्पेन्शनमध्ये जास्त दाबाने हवा भरायचा पंप) कंपनीने सांगितलेलं प्रेशर भरा. चाकाचा पंप तिथे पुरत नाही. कार्ट्रिज सीलबंद असेल तर मात्र ते फोडायच्या भानगडीत पडू नका, आत दाबाखाली वायू असतो. लिव्हरपासून केबलऐवजी तेलाची नळी जात असेल, तर वरचा केबलचा भाग सोडून द्या. तिथे आधी नळीतली हवा काढावी लागते, म्हणजे ब्लीड करावं लागतं.

परत बसवताना क्लॅम्प थोडा थोडा आवळा आणि दर वेळी सीट सोडून बघा. सगळं स्वच्छ आहे, प्रेशर बरोबर आहे, केबल सोडलेली आहे, तरी सीट रेंगाळतेच, असं झालं तर मग कार्ट्रिज मागवा. मागवताना पोस्टचं मॉडेल आणि ट्रॅव्हल (सीट किती वर-खाली होते ते माप) दोन्ही कळवा. बहुतेक वेळा ते खालच्या नळीवर छापलेलं असतं, फ्रेमच्या आत जाणाऱ्या भागावर.