पिकअपचे पुढचे पॅड इतक्या लवकर का संपतात?

प्रश्न : नमस्कार साहेब. माझा 1.7 टनी पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. हंगामाप्रमाणे अंजीर, सीताफळ, वाटाणा भरून सासवडहून दिवे घाटाने मार्केट यार्डला येतो, परतताना गाडी बहुतेक रिकामी असते. पुढचे पॅड वर्षभरसुद्धा पुरत नाहीत. या वेळी डाव्या चाकाचा आतला पॅड पार लोखंडापर्यंत गेला, बाहेरचा मात्र अर्धा शिल्लक होता. 60 च्या पुढे ब्रेक दाबला की पेडल थरथरतं आणि वडकीला उतरलो की वास येतो. नाना पेठेत एक दुकानदार भोकं पाडलेल्या डिस्क आणि सिरॅमिक पॅड घ्या म्हणतो. मेकॅनिक म्हणतो, कंपनीचेच बसवा. टिकाऊ माल कोणता?
– एक वाचक, सासवड

उत्तर : मालाचं नंतर सांगतो. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट आहे ती डाव्या चाकाची. आतला पॅड संपला आणि बाहेरचा अर्धा राहिला, याचा अर्थ तिथला कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, सरकत नाही. या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या किंवा अडकल्या की सगळं काम एकटा आतला पॅड करतो, आणि पाय काढल्यावरही तो डिस्कला घासत राहतो. वास येण्याचं एक कारण तिथेच आहे. अशा चाकात जगातला सगळ्यात महाग पॅड बसवलात तरी त्याचं तेच होणार.

म्हणून आधी दोन्ही चाकांच्या पिना बाहेर काढा. बोटाने ढकलल्यावर सहज सरकल्या पाहिजेत. खड्डे पडले असतील तर बदला. पिनांवरची रबराची टोपणं (बूट) फाटली असतील तर पाणी आत जातं, तीही नवी घाला. ग्रीस ब्रेकचं, म्हणजे उष्णता सोसणारं सिलिकॉनचंच हवं. चेसिसला मारायचं पिवळं ग्रीस पिनांना लावलेलं मी नेहमी बघतो. त्याने रबर फुगतं आणि पीन पुन्हा घट्ट बसते. पिस्टनही हाताने मागे जातो का ते त्याच वेळी बघून घ्या.

मग मागचे ड्रम. मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, झिजून ड्रमपासून लांब गेले की मागचा ब्रेक नावालाच लागतो आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. पुढचे पॅड दर वर्षी बदलणारे कितीतरी लोक मागचा ड्रम उघडतच नाहीत. तो उघडा, ॲडजस्टर मोकळा करा, लायनर ड्रमच्या जवळ आणा. पुढच्या पॅडचं आयुष्य वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

थरथरण्याला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला आणि त्यावरच डिस्क बसवली, किंवा चाकाचे नट गनने कमी-जास्त आवळले, की डिस्क केसभर तिरकी फिरते. दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरांत तिथली जाडी बदलते. नवी डिस्क बसवताना हब तारेच्या ब्रशने लख्ख करून घ्या, डिस्क बसल्यावर ती फिरवताना किती डुलते ते मोजणारं डायल गेज लावायला सांगा. काटा 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर तशीच चालवू नका. नट शेवटी हाताच्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे घेत आवळायचे.

जुनी डिस्क लेथवर मारून चालेल का, हे ती किती उरली आहे त्यावर आहे. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, गंज घासला की आकडा दिसतो. मोजताना एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली कड उरते, व्हर्निअरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी भरपूर दिसते. दोन्ही बाजूंना कडेच्या आत एकेक नाणं धरा, नाण्यांसकट मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. लेथवर मारल्यानंतरही कोरलेल्या आकड्याच्या वर राहणार असेल तरच मारा, नाहीतर दोन्ही बाजूंच्या नव्या घ्या. निळसर डाग किंवा केसासारख्या भेगा असतील तर मोजायचीही गरज नाही, बदलाच.

आता खरेदी. भोकं पाडलेली डिस्क घेऊ नका. तापून-थंड होऊन भेगा पडतात त्या भोकांच्या काठापासूनच, आणि भोकांमुळे डिस्कचं लोखंड कमी होतं ते वेगळं. भरल्या गाडीला घाटात लोखंडच हवं असतं. साधी, ओतीव लोखंडाची, गाडीला मुळात आहे त्याच मापाची आणि वजनाची डिस्क घ्या. मूळ डिस्क मध्ये हवेचे गाळे असलेली असेल तर तशीच. दुकानात जुनी आणि नवी दोन्ही तराजूवर ठेवायला सांगा. बनावट डिस्क हलकी भरते.

सिरॅमिक पॅड वाईट नाहीत. आवाज करत नाहीत, धूळ कमी. शहरातल्या कारला मी तेच सुचवतो. तुमच्या कामाला मात्र सेमी-मेटॅलिक घ्या. त्यात पोलादाचे तंतू असतात, तापल्यावरही पकड टिकते. डिस्क थोडी जास्त झिजेल, थोडा आवाज येईल, ते चालवून घ्या. पॅडच्या काठावर छापलेल्या ओळीच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्याची. एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे त्याच्या वर, ई म्हणजे खाली. एफएफ असेल तर घ्या. एफई असेल तर तापल्यावर पकड सुटणार, घाटाला नको. काठावर काहीच छापलेलं नसेल तर खोका कितीही छान असो, परत द्या. तुमचा मेकॅनिक कंपनीचे म्हणतो तेही चुकीचं नाही. रंगाच्या डब्यासारखे चकचकीत खोके बघून घेण्यापेक्षा तेच बरे.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 15 पर्यंत, मध्यम दाबाने, वीस-पंचवीसदा वेग कमी करा. मध्ये थोडी धाव द्या, पूर्ण थांबू नका. पहिल्याच दिवशी माल भरून घाट उतरलात तर पॅडचा थर डिस्कवर डागाडागांनी बसतो आणि पेडल पुन्हा थरथरायला लागतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही भरून उतरता आणि रिकामे चढता, म्हणजे ब्रेकसाठी सगळ्यात वाईट फेरी. 100 मीटर उंची उतरताना जेवढी ऊर्जा अडवावी लागते ती 60 च्या वेगातली तीच गाडी पूर्ण थांबवण्याच्या सातपट असते. इंजिन आणि रस्ता त्यातलं काही खातात, उरलेलं सगळं डिस्क तापवतं. म्हणून भरल्या गाडीने ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरू नका, ठासून दाबा आणि सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही, कारण मग पेडल हलकं करणारा ब्रेकचा व्हॅक्यूमही जातो. नोव्हेंबर 2022 मध्ये नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्यांना धडक दिली, ते दृश्य पुण्यात कुणी विसरलेलं नाही. दिवे घाटात तर माणसं पायी चालतात.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, डॉट 4 घाला. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं 230 अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं 155 च्या आसपास, आणि उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. आणि वडकीला उतरल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका. डिस्क तडकते.

प्रश्न : पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली की सकाळी ब्रेकला खरखर येते. पॅड बदलू का?
– एक वाचक, भोर

उत्तर : चार-पाच ब्रेकमध्ये आवाज गेला तर तो डिस्कवरचा गंज होता, सोडून द्या. दिवसभर किर्र आवाज येत असेल तर पॅड संपत आल्याची सूचना देणारी झिजेची पत्ती डिस्कला लागते आहे. चाक काढून बघा, पॅडचा मसाला 3 मिलिमीटरवर आला असेल तर बदला. आणि गॅरेजमध्ये हवा मारून धूळ उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.