वाचकांचे प्रश्न : थीम पार्कची सहल

प्रश्न : मे महिन्यात दादरहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला एका दिवसासाठी जायचंय. मुलं ६ आणि ११ वर्षांची, धाकट्याला गाडी लागते. तयारी काय करू?

उत्तर : आधी दोघांची उंची मोजा. पायात काही नको, टाचा भिंतीला टेकलेल्या, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण. मोठ्या राइडवर वय नव्हे, उंची बघतात. कारण सुरक्षेचा दांडा लहान अंगावर घट्ट बसत नाही. कुठली राइड मिळणार नाही हे धाकट्याला घरीच सांगा. तासभर रांगेत उभं राहून परत फिरणं मुलांच्या फार जिव्हारी लागतं.

गाडी लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वीच द्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. नाश्त्याला इडली किंवा पोळी चालेल, वडापाव नको. त्याला खिडकीशी बसवा, मोबाइल देऊ नका.

वॉटर पार्कही करणार असाल तर नायलॉनचे कपडे घ्या. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरगुंडीवर अडकतो. पट्ट्याच्या सँडल घाला, नवे बूट मुळीच नको. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवा. थोड्या पाण्यात घट्ट केलं तर मीठ जास्त होतं, ते मुलांना बाधतं.

आणि निघताना दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. गर्दीत चुकामूक झाली तर शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही.