रोज पन्नास अवघड इंग्रजी शब्द पाठ करतो, आठवड्यात विसरतो. काय करू?

तुम्ही मालवणचे, शिक्षण मराठी माध्यमातलं, बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे, असं लिहिलंय. मी रत्नागिरीत याच परीक्षांचं इंग्रजी शिकवतो आणि ही तक्रार दर बॅचला ऐकतो. आधी ती यादी बाजूला ठेवा. यादीत शब्द एकटा असतो. क्लोझ टेस्टमध्ये, म्हणजे गाळलेल्या जागा भरायच्या उताऱ्यात, तो चार शब्दांच्या शेजारी बसवून विचारतात.

ज्यातलं आधीच कळतं, त्याच विषयावरचं इंग्रजी वाचा. मासेमारी बंदीच घ्या. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद का, होड्या शाकारून का ठेवतात, हे मालवणच्या माणसाला कोणी सांगायला नको. त्यावरची इंग्रजी बातमी उघडलीत की 'स्पॉनिंग'चा (माशांनी अंडी घालणं) अर्थ शब्दकोशाआधीच कळेल. मासळीचा साठा 'डिप्लीट' होतो (घटतो), बंदीत तो 'रिप्लेनिश' होतो (पुन्हा भरतो), हेही तिथेच भेटेल. मग इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात खात्री करा आणि वहीत नुसता शब्द नको, अख्खं वाक्य उतरवा.

'डिप्लीट' आणि 'रिप्लेनिश' या दोन्ही शब्दांच्या पोटात 'भरणे' अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. 'कम्प्लीट' आणि 'रिप्लीट' त्याच घरातले. आहार, विहार, प्रहार, संहार आपण तरी कुठे सुटे सुटे पाठ केले? पण उपसर्ग बघून अर्थ ठोकून द्यायचा नाही. मुंबई-गोवा हायवेवरच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं, ते पेट घेतं म्हणून. दर बॅचला दोघं-तिघं तरी 'इन' म्हणजे 'नाही' समजून उलट सांगतात!

उजळणीचं म्हणाल तर विसरणं सुरुवातीलाच सर्वात वेगात होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊसने १८८५ मध्येच दाखवलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. अँड्रॉइडवर अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप फुकट आहे, ते हे अंतर स्वतः सांभाळतं. कार्डावर शब्द गाळलेलं वाक्य टाका आणि शब्द आठवून भरा. उत्तर बघून मान डोलावणं ही उजळणी नव्हे. पन्नास नकोत, रोज सात-आठ पुरे.

पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर पदाची) मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, देणार असाल तर निबंधात हे शब्द मुद्दाम पेरू नका. साध्या वाक्यात घुसडलेला भारी शब्द तपासणाऱ्याला लगेच टोचतो.