बावीस पानं लिहिली आणि मित्र गडावर गेलेच नाहीत

प्रश्न: नमस्कार ताई, मी कॉलेज रोडला राहतो, आम्ही पाच जण एक रविवार सोडून एक रविवार माझ्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट मांडणारा, मीच असतो. यावेळी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावरून गोष्ट घेतली, १६८२ ला मुघलांनी वेढा घातला होता तो. बावीस पानं लिहिली, गडाचा नकाशा, चोरवाट, कुठल्या बुरुजावर किती पहारेकरी, सगळं. आणि हे चौघे गड चढलेच नाहीत, खाली छावणीत घुसून सरदाराच्या आचाऱ्याशी अडीच तास बोलत बसले! आता पुढच्या सेशनला हातात पेन घ्यावंसं वाटत नाही. नेमकी किती तयारी करायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अरे, आधी हे बघ की अडीच तास कोणी उठलं नाही, आणि तो आचारी तुझ्या बावीस पानांत नव्हताच, तू तो तिथल्या तिथे उभा केलास. म्हणजे तुला जमतंय.

माझं मत स्पष्ट आहे, तीन-चार तासांच्या सेशनला तास-दीड तास तयारी पुरते, पण ती कशाची करतोस यावर सगळं आहे. तू जागेची केलीस. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला तेव्हा तो बराचसा भुयारातच चालायचा, वाटा मोजक्या, त्यामुळे खोलीखोलीची नोंद कामाला यायची. उघड्या माळावर चार डोकी कुठेही जाणार, तिथे माणसांची तयारी लागते. कोणाला काय हवंय आणि कोणाला कशाची घाई आहे, एवढंच लिही. किल्लेदाराला पावसाळ्यापर्यंत तग धरायचाय, सरदाराला त्याआधी गड घेऊन बादशहासमोर जायचंय. आणि मित्रांनी काहीच केलं नाही तर काय होईल तेही ठरव, समजा चौथ्या रात्री लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा उंच बुरूज, तयार होणार आणि तिथून गडावर मारा सुरू होणार. मग ते आचाऱ्याकडे बसोत नाहीतर नदीवर जावोत, दमदमा वाढतच राहतो आणि त्यांना खालूनही दिसतो.

दुसरं म्हणजे गुपित एक आणि त्याकडे जायच्या वाटा तीन, हे मी कधीच सोडत नाही. रामशेजवर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या केल्या असं सांगतात ना, तेच घे. आचाऱ्याने कोणाला तरी कुजबुजताना ऐकलंय, गडावरून पळालेला एक सुतार छावणीत लपलाय, आणि दरीत फुटलेल्या तोफेची जळकी ढलपी पडलीये. तिघांपैकी एक तरी हाताला लागतं, एकच वाट ठेवलीस आणि ती हुकली की सेशन तिथेच अडकतं आणि मग तू घाम पुसत बसतोस.

नावं मात्र दहा-बारा लिहूनच ठेव, कारण आचाऱ्याला नाव विचारलं आणि तू अडखळलास की समोरच्यांना लगेच कळतं की हा माणूस आत्ताच बनवलाय. स्टॅट्स, म्हणजे पात्रांच्या ताकदीचे आकडे, स्वतः बनवत बसू नकोस, पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमांतला साधा गार्ड म्हणजे एसी (वार लागायला किती कठीण) १६ आणि एचपी (किती मार सोसतो) ११, तोच पहारेकरी म्हणून वापर, जमादार हवा असेल तर व्हेटरन, म्हणजे मुरलेला सैनिक, घे, एसी १७, एचपी ५८. नावं बदलली की झालं. मोठी लढाई असेल तर जास्त वेळ दे, तिथे नकाशा लागतोच, उंची, आडोसे, कोण कुठून येणार.

आणि सेशन संपताना, सगळे उठायच्या आधी, विचार की पुढच्या वेळी कुठे जायचा विचार आहे. या एका प्रश्नाने माझी निम्मी मेहनत वाचते, कारण मग मी तेवढाच भाग लिहिते.

ती बावीस पानं फेकू नकोस. शक्य असेल तर एकदा पेठ रोडने आशेवाडीला जाऊन गड चढून ये, वरून खालचा परिसर बघितलास की छावणी कुठे, दमदमा कुठे, हे आपोआप सुचेल. आणि पुढच्या रविवारी आचाऱ्याला एक नाव दे आणि एक मुलगा दे, जो वेढा पडायच्या आधी गडावर गेला आणि तिथेच अडकलाय. चोरवाटेचं तू काहीच बोलू नकोस, ते स्वतःच विचारतील वर जायला दुसरा रस्ता आहे का म्हणून, तेव्हा तुझा नकाशा बाहेर काढ.