टाळ्या वाजवून वाचवलेली टिंक शेवटी कुठे गेली?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. ‘पीटर पॅन’चा कार्टून सिनेमा तिला तोंडपाठ आहे. म्हणून मी मूळ इंग्रजी कादंबरी आणली आणि रोज रात्री थोडी थोडी मराठीत सांगत वाचते. लहानपणी मीही हे पुस्तक वाचलं होतं, पण ती चाळीसेक पानांची, चित्रांची आवृत्ती होती. आता मूळ वाचताना मी हबकले. कधीच मोठा न होणारा हा पीटर नुसता बढाईखोर नाही, तो सोबत्यांची नावंसुद्धा विसरतो. एका ठिकाणी तर लिहिलंय, की नेव्हरलँड या त्याच्या जादूच्या बेटावरची मुलं मोठी व्हायला लागली की पीटर त्यांची संख्या कमी करतो! ते वाक्य मी गाळलं. दुसऱ्या रात्री आणखी एक गाळलं. असा नायक लेकीच्या डोक्यात भरवावा का? पुढे वाचू की थांबू?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, थांबू नका. आणि गाळलेली वाक्यं परत घ्या. असं का म्हणते, त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

सांगलीच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की खेळाच्या तासाची मुलं ग्रंथालयात पाठवत. अशाच एका पावसाळ्यात सहावीच्या एका तुकडीला मी ही कादंबरी सांगायला घेतली. इंग्रजी पुस्तक मांडीवर आणि तोंडाने मराठी. सतरा प्रकरणं आहेत, आठवड्याला एक-दोन होत.

तेराव्या प्रकरणात पीटरसाठी ठेवलेलं विष त्याची सोबतीण टिंकर बेल, म्हणजे टिंक ही छोटी परी पिते. तिचा उजेड मंदावतो. मुलांचा पऱ्यांवर विश्वास असेल तर मी वाचेन, असं ती म्हणते. मग पीटर त्या रात्री नेव्हरलँडची स्वप्नं पाहणाऱ्या जगातल्या सगळ्या मुलांना सांगतो, विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. मी पुस्तकातून मान वर करायच्या आत टाळ्या सुरू झाल्या होत्या. शेजारच्या वर्गावरचे सर काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले. हे आधी नाटक होतं. 27 डिसेंबर 1904 ला लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तर काय, या धास्तीने लेखक जेम्स बॅरी यांनी वादकांना सांगून ठेवलं होतं, की वाद्यं खाली ठेवून तुम्ही सुरुवात करा. थिएटर आपणहून दणाणलं. आमचं ग्रंथालयही दणाणलं.

दोन आठवड्यांनी शेवटचं प्रकरण आलं. पीटरबरोबर बेटावर उडत गेलेली वेंडी आता घरी परतली आहे. वर्षभराने पीटर तिला न्यायला येतो. तिला जुन्या दिवसांबद्दल किती बोलायचं असतं! ती चाच्यांचा कप्तान हुक याचं नाव काढते, तर पीटर विचारतो, हुक कोण? मारून टाकल्यावर मी विसरतो त्यांना, असं तो सहज सांगतो. मग ती टिंकचं नाव काढते. टिंक कोण? पऱ्या खूप असतात, ती आता नसेल बहुतेक.

वर्गात कुणी हललं नाही. खिडकीपाशी बसणारा एक मुलगा, ज्याच्या टाळ्या त्या दिवशी सगळ्यांत उशिरापर्यंत चालल्या होत्या, उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, मग आम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी घरी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. तोवर मी ते तीनदा वाचलं होतं, पण बेट, चाचे, मगर, उडणं यांच्यासाठी. त्या रात्री मी फक्त पीटर काय करतो आणि काय विसरतो, एवढंच पाहत गेले.

पहिली खूण चौथ्या प्रकरणात सापडली. वेंडी आणि तिचे भाऊ पीटरबरोबर समुद्रावरून उडत असताना तिच्या धाकट्या भावाला, मायकेलला डुलकी लागते आणि तो दगडासारखा खाली जातो. पीटर झेप घेऊन त्याला झेलतो, पण अगदी पाण्याला टेकायच्या क्षणी. दरवेळी शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो. बॅरी स्पष्ट लिहितात, की त्याला रस होता तो स्वतःच्या करामतीत, जीव वाचवण्यात नव्हे. मध्येच तो पुढे निघून जातो आणि परत येतो तेव्हा या मुलांना नीट ओळखतही नाही. वेंडीला आपलं नाव सांगावं लागतं. लहानपणी मी या पानावर हसले होते. स्वतःचं मूल झाल्यावर हे पान वाचवेना.

दुसरी जागा आठव्या प्रकरणात आहे, जलपऱ्यांच्या खाडीतली, आणि माझ्या मते सगळी कादंबरी तिथे उभी आहे. खडकावर पीटर आणि हुक समोरासमोर येतात. पीटरने हुकच्याच पट्ट्यातला सुरा काढलेला असतो. वार करणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात येतं, की आपण वरच्या बाजूला आहोत, ही बरोबरीची लढत नाही. म्हणून तो हुकला वर घ्यायला हात देतो. हुक त्या हाताला चावतो. पीटर सुन्न होतो. दुखण्याने नव्हे, अन्यायाने. बॅरी म्हणतात, कुठल्याही मुलाला आयुष्यात पहिल्यांदा अन्यायाची वागणूक मिळते, तेव्हा त्याचं असंच होतं. नंतर ते मूल पुन्हा प्रेम करेल, पण पूर्वीचं ते मूल राहणार नाही. फक्त पीटर याला अपवाद. त्याच्यावर अन्याय अनेकदा होतो आणि तो प्रत्येक वेळी विसरतो. त्याच्यात आणि बाकी सगळ्या मुलांत खरा फरक तो हाच.

ताई, हे वाचून मी दिवा तसाच ठेवून बराच वेळ बसले होते. ज्या गोष्टीमुळे पीटर इतका मोकळा, इतका आनंदी आहे, त्याच गोष्टीमुळे तो टिंकला विसरतो. त्याचं निरागस असणं आणि निर्दय असणं वेगवेगळं करताच येत नाही. कादंबरीचं शेवटचं वाक्यसुद्धा मुलांच्या आनंदी, निरागस आणि निर्दय असण्याबद्दल आहे. ते तीन शब्द लेखकाने एका दमात लिहिले आहेत.

तिसरी जागा मुलीला आवर्जून वाचून दाखवा. सोळाव्या प्रकरणात पीटर आणि टिंक वेंडीच्या आधी तिच्या घरी पोचतात, खिडकीला आतून कडी घालायला. म्हणजे वेंडीला वाटावं, आईनेच आपल्याला बाहेर ठेवलं. नायकाने करावी अशी ही गोष्ट नव्हे, पण त्यामागे त्याची एक जखम आहे. तोही एकदा घरी उडत गेला होता आणि खिडकी बंद होती, त्याच्या पलंगावर दुसरंच बाळ झोपलं होतं. निदान तो तरी असं सांगतो. आत वेंडीची आई पियानो वाजवता वाजवता थांबते, तिच्या डोळ्यांत दोन थेंब येतात. पीटर स्वतःला समजावतो, की आम्हा दोघांना वेंडी मिळू शकत नाही. तो इकडे तिकडे नाचतो, तोंडं करतो, आणि शेवटी कडी काढतो. आम्हाला नकोत असल्या वेड्या आया, असं म्हणत उडून जातो. इतकं खरं पान बालसाहित्यात मी फार थोडं वाचलंय.

तुम्ही गाळलेल्या वाक्याबद्दल. पीटर मुलांची संख्या कमी करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे बॅरी सांगत नाहीत. मारतो की हाकलतो, पुस्तकात उत्तर नाही. मला त्या वाक्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. असं काही लिहून लेखकाने लगेच पुढच्या ओळीला निघून जायला नको होतं. कादंबरीभर बॅरी पीटरचे दोष दाखवतात, पण त्यांच्यावर रेंगाळत नाहीत. किंमत मोजतात ती वेंडी, तिची आई, टिंक. लेखकाचं एक दुःख मात्र मी ध्यानात ठेवते. बॅरी सहा वर्षांचे असताना, 1867 मध्ये, त्यांचा भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला, चौदावा वाढदिवस तोंडावर असताना. त्यांची आई पुढे आयुष्यभर त्या मुलाच्या आठवणीत राहिली, आणि तिच्यासाठी तो कधीच मोठा झाला नाही. कधीच मोठा न होणारा मुलगा कुठून आला, ते यावरून थोडं उमगतं.

म्हणून सगळं वाचा. अशा वाक्यापाशी आल्यावर पुस्तक मिटू नका, थोडं थांबा. पीटर चांगला की वाईट, असं मुलीला विचारू नका. उद्या सकाळी त्याला हे आठवेल का, एवढंच विचारा. आणि शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी जरा लवकर वाचायला बसा, तिला बोलायला वेळ लागेल.

प्रश्न : नातवाला हेच पुस्तक वाचून दाखवतो आहे. रेड इंडियन लोकांची प्रकरणं वाचताना लाज वाटली. ती सोडून दिली तर कथेचं काही बिघडेल का?
— एक आजोबा, मुलुंड

उत्तर : नमस्कार. कथा बिघडेल, कारण हुक मुलांना पकडतो तो याच लोकांवर कपटाने हल्ला करून. पण तुम्हाला वाटलेली लाज योग्य आहे. टोळीला दिलेलं ‘पिकॅनिनी’ हे नाव हा काळ्या मुलांसाठी वापरला जाणारा हिणकस शब्द आहे, आणि खऱ्या अमेरिकेतल्या कुठल्याच जमातीशी त्याचा संबंध नाही. टोळीची राजकन्या टायगर लिली हिच्या तोंडी मोडकीतोडकी भाषा आहे. दहाव्या प्रकरणात ते सगळे पीटरला ‘थोर गोरा पिता’ म्हणत त्याच्यापुढे लोटांगण घालतात.

तिथे मला एक गोष्ट खटकते. बॅरी लिहितात, की पीटरला हे अतिशय आवडायचं आणि ते त्याच्या दृष्टीने बरं नव्हतं. म्हणजे नायकाचा अहंकार लेखकाला दिसला. ज्यांना जमिनीवर झोपवलं ती माणसं मात्र दिसली नाहीत. ही कादंबरी 1911 ची. त्याच वर्षी 2 डिसेंबरला पाचवा जॉर्ज मुंबईत अपोलो बंदरावर उतरला आणि पुढे दिल्लीला दरबार भरला, संस्थानिकांनी मुजरे केले. त्या उतरण्याची आठवण म्हणून बांधलेला गेटवे तुमच्या नातवाने पाहिला असेल. ‘थोर गोरा पिता’ या शब्दांपाशी आलात की त्याला गेटवेची ही हकिकत सांगा. दहा मिनिटं जातील. मग पुढे वाचा.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. ‘माझा आवडता नायक’ या निबंधात मी कॅप्टन हुकवर लिहिलं. सर म्हणाले, खलनायकावर लिहायचं नसतं, पीटरवर पुन्हा लिही. माझं चुकलं का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बाळा, विषय नायकाचा होता, त्यामुळे सरांचं म्हणणं मी समजू शकते. पण तुझं वाचन चुकलेलं नाही.

हुक माणसं मारतो, टिंक जे विष पिते ते त्यानेच ओतलेलं असतं, हे विसरू नकोस. पण चौदावं प्रकरण पुन्हा उघड. मुलं पकडली गेली आहेत, विजय झाला आहे, आणि हा एकटा डेकवर येरझाऱ्या घालतो आहे, उदास. लहान मुलांना आपण आवडत नाही, हे त्याला बोचतं. खाली त्याचा चाचा स्मी शिलाई मशीनवर बसला आहे, आणि पकडलेल्या मुलांना तो आवडतो, का ते हुकला कळत नाही. त्याला आपली जुनी शाळा आठवते, तिथे शिकवलेली रीत आठवते. तुटलेला हात आठवतो. तो हात खाल्लेल्या मगरीच्या पोटात टिकटिकणारं घड्याळ तर त्याला काही विसरूच देत नाही. म्हणजे त्या बेटावर ज्याला सगळं आठवतं, तो हुक आहे. तुझ्या निबंधात हा मुद्दा असेल तर तो जपून ठेव.

आता सरांसाठी पीटरवर लिहायचं आहे ना? मग त्याच्या शौर्यावर लिहू नकोस, ते सगळे लिहितील. पंधराव्या प्रकरणाचा शेवट घे. हुक मगरीच्या तोंडी गेला आहे, सगळी मुलं झोपली आहेत, पीटर डेकवर फेऱ्या मारून मारून अखेर झोपतो. त्या रात्री त्याला त्याचं ते नेहमीचं स्वप्न पडतं आणि तो झोपेत कितीतरी वेळ रडतो. वेंडी त्याला घट्ट धरून ठेवते. सगळं विसरणाऱ्या या मुलाला झोपेत काय आठवत असेल, त्यावर दोन पानं लिही. सरांना दाखव आणि एक प्रत मला पाठव.