नायकाचे भवितव्य आधीच ठरलेले असेल, तर शोकांतिकेतील एखाद्या दुय्यम पात्राच्या निर्णयांना काय अर्थ उरतो?

आपण प्रश्नासोबत सोफोक्लीजच्या 'ईडिपस'चे उदाहरण दिले आहे. देववाणीने सगळे आधीच सांगून ठेवल्यामुळे या नाटकात खुद्द नायकाच्या निर्णयांनाही फारसा वाव नाही, मग दूत, सेवक, मेंढपाळ यांचे काय घेऊन बसलात, असा आपला एकंदर सूर आहे. मला तो पटत नाही. न पटण्याचे कारण त्याच नाटकातले एक पात्र आहे, ज्याला नाटककाराने नावसुद्धा दिलेले नाही.

हे पात्र म्हणजे थीब्जच्या राजघराण्याचा म्हातारा मेंढपाळ. मूळ ग्रीक नाटक सुमारे 1530 ओळींचे आहे. त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग होऊन गेल्यावर हा माणूस प्रथम तोंड उघडतो आणि साठ-पासष्ट ओळींत त्याचे काम संपते. काही वर्षांपूर्वी एका अभिवाचनात ही भूमिका माझ्या वाट्याला आली होती, तीही मोठ्या भूमिका वाटून झाल्यावर उरली म्हणून. मी संहितेतली माझी तेवढी पाने अधोरेखित केली आणि निश्चिंत झालो. तालमी सुरू झाल्यावर ध्यानात आले की माझ्या पात्राविषयीची निम्मी माहिती माझ्या पानांवर नाहीच. ती राणी योकास्टा, तिचा भाऊ क्रिऑन आणि ईडिपस यांच्या तोंडी, नाटकभर विखुरलेली आहे, आणि तिचा मेळ घातल्याशिवाय माझे एकही वाक्य कोणत्या आवाजात वाचावे ते कळत नाही.

पूर्वकथा आपल्याला माहीत असेलच, तरी पुढच्या विवेचनापुरती सांगतो. पोटच्या मुलाच्या हातून मरण येईल, अशी देववाणी थीब्जचा राजा लायस याला मिळते. मूल जन्मून तीन दिवसही झालेले नसताना त्याचे घोटे जखडून त्याला किथायरॉन पर्वतावर मरण्यासाठी टाकायला एका सेवकाच्या हवाली केले जाते. तो सेवक ते मूल कॉरिंथच्या एका मेंढपाळाला देतो आणि तिथला निपुत्रिक राजा पॉलिबस त्याला वाढवतो. मोठेपणी ईडिपस एका तिठ्यावर झालेल्या भांडणात, कोण आहे हे न ओळखता, लायसला ठार करतो, शहराला छळणाऱ्या स्फिंक्स या राक्षसिणीचे कोडे सोडवून थीब्जचा राजा होतो आणि विधवा राणी योकास्टेशी, म्हणजे स्वतःच्या आईशी, विवाह करतो. पडदा उघडतो तेव्हा हे सारे घडून कित्येक वर्षे लोटली आहेत, शहरात साथ पसरली आहे आणि लायसच्या मारेकऱ्याला शोधून काढा, असा डेल्फायच्या मंदिरातून देववाणीचा आदेश आला आहे.

मूल ज्याच्या हाती दिले तो सेवक आणि तिठ्यावरच्या हाणामारीतून जिवंत सुटलेला एकमेव माणूस, हे दोघे एकच आहेत. हा निव्वळ योगायोग वाटतो आणि अनेक टीकाकारांनी त्यावर बोटही ठेवले आहे. मला त्यात योगायोगापेक्षा नाटककाराची काटकसर अधिक दिसते. दोन साक्षीदारांचा एक साक्षीदार केल्यामुळे त्या एका माणसाच्या वागण्याला आयुष्यभराची सलगता येते. त्याने केलेल्या निवडी मग सुट्या प्रसंगांसारख्या राहत नाहीत, एकीतून दुसरी निघत जाते.

पहिली निवड दयेची. मुलाला मारण्याची आज्ञा असताना त्याने ते का दिले, असे ईडिपस विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर अगदी साधे आहे: दया आली, मालक; वाटले, हा माणूस त्याला आपल्या मुलखात, दूर घेऊन जाईल. इथे त्याची सामाजिक जागा लक्षात घ्यायला हवी. थोड्याच वेळापूर्वी त्याने स्वतःची ओळख सांगितलेली असते, ती अशी की मी या घरचा गुलाम होतो, पण विकत आणलेला नव्हे, घरातच वाढलेला. म्हणजे घराण्याचा विश्वासातला माणूस. म्हणूनच इतके गुप्त काम त्याच्याकडे आले, आणि नेमका तोच विश्वास त्याने मोडला. योकास्टा आधीच्या प्रसंगात सांगते की लायसने मूल 'दुसऱ्यांच्या हातून' टाकून दिले. मेंढपाळ सांगतो की मूल त्याच्या हातात देणारी योकास्टाच होती. तालमीत या दोन वाक्यांमध्ये मी बराच काळ अडकून पडलो होतो. राणीने स्वतःपासून लपवलेली गोष्ट तिच्या गुलामाने इतकी वर्षे मनात बाळगली होती.

दुसरी निवड म्हणजे एक आकडा, आणि माझ्या मते संपूर्ण नाटक याच आकड्यावर तोललेले आहे. नाटकाच्या सुरुवातीलाच क्रिऑन सांगतो की लायसबरोबरचे सगळे मारले गेले. एकटा भिऊन पळालेला माणूस परतला आणि त्याला एवढेच खात्रीने सांगता आले की हल्ला करणारा एक नव्हता, लुटारूंची टोळी होती. हे खोटे आहे. राजाच्या तांड्यात पाच माणसे होती आणि त्यांच्याशी भिडलेला वाटसरू एकटा होता. तो खोटे का बोलला याचा खुलासा नाटकात कुठेही नाही, त्यामुळे पुढचे वाक्य माझा अंदाज समजावा. पाच जणांच्या तांड्याला एकट्याने लोळवले, असे सांगणाऱ्या सेवकाला पहिला प्रश्न येतो, मग तू कसा वाचलास? टोळी म्हटले की हा प्रश्न कोणी विचारत नाही. लाज झाकण्यासाठी माणसे बोलतात त्यातलेच हे एक खोटे, आणि ते बोलताना त्याच्या मनात कोणाचेही वाईट नव्हते. क्रिऑनचे हे वाक्य संपताच ईडिपस जो प्रश्न विचारतो त्यात मात्र अनेकवचन गळून पडते आणि 'तो लुटारू' असा एकवचनी शब्द येतो. हा फरक वाचताना सहज नजरेतून निसटतो.

तिसरी निवड दूर जाण्याची. योकास्टा सांगते की हा सेवक परत आला, गादीवर ईडिपसला पाहिले, आणि तिच्या हाताला स्पर्श करून त्याने विनवले की मला रानात, गुरांकडे पाठवा, या शहराचे दर्शनही होणार नाही इतक्या दूर. तिने ते मान्य केले, कारण गुलाम असला तरी याहून मोठी मेहेरबानी मिळण्याची त्याची योग्यता होती, असे ती म्हणते. त्याने राजाला ओळखले होते, हे उघड आहे. तिठ्यावरचा मारेकरी सिंहासनावर बसला आहे, हे थीब्जमध्ये त्या घडीला त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्याने शहराला इशारा दिला नाही, राणीला एकांतात काही सांगितले नाही; तो निघून गेला. भेकडपणा म्हणावा तर म्हणता येतो, पण ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो राजा, आणि बोलणारा गुलाम, हेही विसरून चालणार नाही.

आता या तीन गोष्टी एकत्र ठेवून नाटकाची चाल पाहावी. अंध द्रष्टा टायरेसियस याच्याशी आणि क्रिऑनशी ईडिपसच्या झालेल्या भांडणानंतर योकास्टेच्या बोलण्यात तिठ्याचा उल्लेख येतो आणि ईडिपस हादरतो. तो आपली हकीकत सांगतो: म्हाताऱ्याने डोक्यात पराणी मारली, मी काठीने उलट तडाखा दिला आणि सगळ्यांना ठार केले. लक्षात घ्या, त्याच्या समजुतीनुसार कोणीही वाचलेले नाही. तरीही एक आशा त्याच्याकडे शिल्लक आहे, ती म्हणजे मेंढपाळाचा आकडा. तो माणूस अजूनही 'अनेक' म्हणत असेल, तर मारेकरी मी नव्हे, कारण एक म्हणजे अनेक होऊ शकत नाही, असे तो जवळजवळ गणितासारखे मांडतो आणि एवढ्याच एका मुद्द्याची खातरजमा करण्यासाठी मेंढपाळाला बोलावणे धाडतो. म्हणजे ज्या खोट्याच्या आधाराने हा माणूस नजरेआड झाला, त्याच खोट्याने त्याला राजवाड्यासमोर ओढून आणले आहे. तो त्या वेळी खरे बोलला असता, तर त्याला पुन्हा बोलावण्याची गरजच पडली नसती. ईडिपसचा संशय तिठ्याचे नाव निघताच पक्का झाला असता, आणि कदाचित तो फक्त लायसचा मारेकरी म्हणून देशोधडीला लागला असता. आपण कोणाचे पुत्र आहोत, हा प्रश्न त्या वाटेवर आलाही नसता.

मेंढपाळ येईपर्यंत मात्र परिस्थिती बदललेली असते. कॉरिंथहून पॉलिबसच्या मृत्यूची बातमी घेऊन एक म्हातारा आलेला असतो, आणि तू आईशी विवाह करशील, या ईडिपसला पूर्वी मिळालेल्या देववाणीची भीती घालवावी या हेतूने तो सांगून बसतो की पॉलिबस तुझा बाप नव्हेच, मीच तुला किथायरॉनवर एका थीबन मेंढपाळाकडून घेतले. दिलासा द्यायला आलेल्या माणसाने नेमका उलटा परिणाम घडवून आणला, म्हणून ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात स्थितिविपर्ययाचे, म्हणजे परिस्थिती एकाएकी उलटी फिरण्याचे, उदाहरण म्हणून हाच प्रसंग घेतला आहे. एका वेळी बोलणारा तिसरा नट रंगभूमीवर आणण्याचे श्रेयही ॲरिस्टॉटल सोफोक्लीजलाच देतो. त्या तिसऱ्या नटाशिवाय पुढचा प्रसंग उभाच राहिला नसता, कारण त्यात राजा, कॉरिंथचा दूत आणि मेंढपाळ असे तिघे समोरासमोर आहेत.

हे दोन म्हातारे म्हणजे एकाच कृत्याचे दोन भागीदार आहेत. दूत मोठ्या उत्साहाने जुनी ओळख काढतो: आठवते ना, वसंतापासून शरदापर्यंत सहा-सहा महिने, असे तीन हंगाम आपण किथायरॉनवर शेजारी शेजारी कळप चारत होतो, तुझे दोन कळप, माझा एक? मेंढपाळ म्हणतो, खरे आहे, पण फार जुनी गोष्ट झाली. मग दूत राजाकडे बोट दाखवतो: बाबा रे, तेव्हाचे ते पोर हे बघ! त्याबरोबर मेंढपाळाच्या तोंडून शिवी निघते, गप्प बसशील का? या एका उद्गारासाठी आमच्या दिग्दर्शकांनी मला किती वेळा थांबवले याची गणती नाही. मी तो रागाने म्हणत होतो. त्यांचे म्हणणे होते की हा राग नाही; मारेकरी आणि ते मूल ही एकच व्यक्ती आहे, हे त्याला याच क्षणी कळते आहे. तिठ्याचे त्याला ठाऊक होते, पोराचेही ठाऊक होते. दोन्हींचा सांधा आता, सगळ्यांच्या देखत जुळला. यापुढे नाटकात काय घडणार, हे राजाच्या आधी त्याला समजते. त्याची चौथी निवड इथे आहे, ती म्हणजे न बोलण्याची, आणि हीच एक त्याला पार पाडता येत नाही. ईडिपस त्याचे हात पिरगाळून मागे बांधण्याचा हुकूम देतो. मी आता भयंकर बोलण्याच्या टोकावर आलो आहे, असे मेंढपाळ म्हणतो, आणि राजा उत्तर देतो, मीही ऐकण्याच्या. पण ऐकलेच पाहिजे.

देववाणी होतीच, मग हा नसता तर दुसरा कोणी भेटला असता, असे आपण म्हणाल. भेटला असता. परंतु पित्याचा वध आणि मातेशी विवाह या घटना नाटकाबाहेर, पूर्वीच उरकलेल्या आहेत; रंगमंचावर घडतो तो उलगडा. ज्या देववाण्यांनी हे सगळे सुरू झाले त्यांत उलगड्याविषयी अवाक्षर नाही. टायरेसियस ते भाकीत करतो खरा, पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्याच्या शब्दाने काही सिद्धही होत नाही. सिद्ध होते ते या गुलामाच्या साक्षीने. शिवाय, देववाणी काय घडेल तेवढे सांगते, कोणत्या वाटेने ते सांगत नाही. सोफोक्लीजने ती वाट एका माणसाच्या करुणेतून काढली, हे मला देववाणीपेक्षा कितीतरी भयानक वाटते. तो मेंढपाळ क्रूर असता तर हे नाटक झालेच नसते.

एक गोष्ट राहिली. ज्या प्रश्नासाठी त्याला बोलावले होते, मारेकरी एक होता की अनेक, तो प्रश्न त्याला शेवटपर्यंत विचारलाच जात नाही. मुलाची हकीकत ऐकल्यावर कोणालाच त्याची गरज उरत नाही. नाटककाराच्या हातून हे राहून गेले, असे मानणारेही आहेत. मला तसे वाटत नाही. आयुष्यभर जे खोटे सांभाळले, ते कबूल करण्याची संधीही त्या म्हाताऱ्याला मिळत नाही, आणि त्याचे शेवटचे शब्द, तू तोच असशील तर जन्मतःच अभागी आहेस, राजाच्या आक्रोशात बुडून जातात. त्याला शिक्षा झाली की सोडून दिले, हे पुढे कोणी सांगत नाही.

अभिवाचनात सगळे वाचक शेवटपर्यंत मंचावरच बसतात. माझी पाने संपली होती, पण खुर्ची तिथेच होती. डोळे फोडून घेतलेला ईडिपस बाहेर येतो आणि ज्याने रानात माझ्या पायांची बेडी सोडली, मला मरणातून वाचवले, त्याचे वाटोळे होवो, असा शाप देतो. बेडी सोडली होती कॉरिंथच्या म्हाताऱ्याने, मरणातून पहिल्यांदा वाचवले होते थीब्जच्या. ईडिपस दोघांना एकाच शापात ओवतो. ते ऐकताना मी मिटलेली संहिता मांडीवर ठेवून समोर पाहत होतो, आणि ईडिपस वाचणारा नट त्या ओळीला माझ्याकडे वळला. तालमीत तो कधी वळला नव्हता.