जग डोक्यावर घेते, ते पुस्तक मला का भावत नाही?

प्रश्न : चित्रपट पाहून झाल्यावर मोठ्या उत्साहाने मी जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रिखंडात्मक कादंबरी वाचायला घेतली. पहिला खंड नेटाने संपवला. दुसरा मात्र निम्म्यावर येऊन अडकला आहे. टॉम बॉम्बाडिलची गाणी, एलरॉन्डच्या सभेतली न संपणारी भाषणे आणि डोंगरदऱ्यांची पानेच्या पाने वर्णने वाचताना जांभया आवरत नाहीत. पुस्तक वाईट आहे असे म्हणवत नाही; पण इतर जण ज्या भारावलेपणाने त्याविषयी बोलतात, त्याचा मागमूसही मला जाणवत नाही. ज्याला सांगावे तो ‘धीर धरा, पुढे रंगत जाते’ एवढेच म्हणतो. उणीव माझ्या वाचनात आहे, की या पुस्तकाचा बोलबालाच अवाजवी आहे? आणि उरलेली मजल मारावी का?
— एक वाचक

उत्तर : उणीव तुमच्या वाचनात नाही, आणि बोलबाला अगदीच अवाजवी आहे असेही नाही. २००३ साली बीबीसीने ब्रिटनमधील वाचकांचा आवडत्या कादंबरीविषयी कौल घेतला, तेव्हा हीच कादंबरी पहिली आली. उलट १९५६ साली एडमंड विल्सन या मातब्बर अमेरिकी समीक्षकाने ‘द नेशन’मध्ये तिला पोरकट ठरवून तिची सालटी काढली होती, आणि तीही आपल्या सात वर्षांच्या मुलीला ती सगळी मोठ्याने वाचून दाखवल्यानंतर. खुद्द टोल्कीन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे की काही वाचकांना व समीक्षकांना हे पुस्तक कंटाळवाणे, हास्यास्पद किंवा तुच्छ वाटले. आपली त्याबद्दल तक्रार नाही, कारण त्या मंडळींच्या लेखनाविषयी आपलेही मत तसेच आहे, असा चिमटाही त्यांनी काढला आहे.

तुम्हाला ज्या गोष्टी वाटेत आडव्या येतात, त्याच लेखकाच्या लेखी मुख्य ऐवज होत्या. टोल्कीन हे ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजी शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ. एल्फ या कादंबरीतल्या अमर, मानवसदृश लोकांच्या भाषा त्यांनी आधी रचायला घेतल्या आणि त्या भाषांना नांदायला जग हवे म्हणून त्यांचा भूगोल, वंशावळी आणि गतकाळ उभा केला. म्हणूनच वेदरटॉपच्या टेकडीवर शत्रूचे काळे स्वार चाल करून येण्याच्या बेतात असताना वाटाड्या ॲरागॉर्न सोबत्यांना टिनूव्हिएल या एल्फ राजकन्येचे पुरातन गीत ऐकवत बसतो. पुढे काय होणार या ओढीने वाचणाऱ्याचा तिथे जीव मेटाकुटीला येणारच; पण या भूमीला आपल्याही आधीचे काही आठवते, या जाणिवेने जो मोहरतो, त्याच्यासाठी तेच पान पुस्तकाचा गाभा असते. दोघेही चांगले वाचक असू शकतात. एलरॉन्डच्या सभेबाबत मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. फितूर जादूगार सारूमानच्या मनोऱ्यावरची भल्या जादूगाराची, गॅन्डाल्फची, कैद आणि सुटका ही वास्तविक केवढी थरारक घटना. पण ती घडताना आपल्याला दिसत नाही, सगळे संपल्यावर भर सभेत सांगितली जाते.

चित्रपट आधी पाहिल्यानेही तुमचे थोडे नुकसान झाले असावे. २००१ ते २००३ या काळात आलेल्या त्या तीन चित्रपटांनी टॉम बॉम्बाडिलला पार वगळले, गॅन्डाल्फची कैद डोळ्यांसमोर घडवली आणि दुसऱ्या भागात युद्धाची व घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या प्रवासाची अशी दोन्ही सूत्रे आलटून पालटून दाखवली. पुस्तकात तसे नाही. दुसऱ्या खंडाच्या पूर्वार्धात फ्रोडो कुठेही दिसत नाही आणि उत्तरार्धात युद्धावरची मंडळी दिसेनाशी होतात. तुम्ही नेमके त्या सांध्यावर अडकला आहात. शिवाय एल्फ, बुटके, काळोखाचा अधिपती आणि त्याच्याशी झुंजणारी चिमूटभर माणसे ही सामग्री पुढच्या असंख्य फॅण्टसी कादंबऱ्यांनी आणि खेळांनी इतकी वापरली आहे की मूळ पुस्तकच आता त्यांच्यासारखे वाटू लागते.

‘पुढे रंगत जाते’ हा सल्ला अर्धाच खरा. मुळात ही एकच सलग कादंबरी. छपाईच्या खर्चापोटी प्रकाशकाने १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत काढली. त्यामुळे पहिल्या खंडाअखेर काहीच हाती लागले नाही असे वाटणे साहजिक आहे. पण लेखनाची धाटणी शेवटपर्यंत तीच राहते. वर्णनांचा तुम्हाला आज जाच होत असेल, तर तिसऱ्या खंडातही तो होईल.

तेव्हा सगळे वाचण्याचा निश्चय करण्याऐवजी दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धातले आठवे प्रकरण, किरिथ उंगोल या खिंडीच्या पायऱ्यांचे, आत्ताच काढून वाचा. कथेचा शेवट तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे क्रम मोडल्याने रसभंग होणार नाही. दगडाला टेकून बसलेल्या सॅमच्या, म्हणजे आपल्या इमानी सेवकाच्या, मांडीवर डोके ठेवून फ्रोडो झोपला आहे; सॅमचाही डोळा लागला आहे. दगा देण्याचा घाट घालून परतलेला गोलम, अंगठीने झपाटलेला त्यांचा वाटाड्या, त्यांच्याकडे बघत राहतो, त्याच्या डोळ्यांतली चमक विझते आणि तो थरथरता हात फ्रोडोच्या गुडघ्यावर हलकेच, जवळजवळ मायेने ठेवतो. तेवढ्यात सॅमला जाग येते आणि तो त्याच्यावर खेकसतो. तो क्षण गेला तो गेलाच; पुढचे अरिष्ट तिथूनच ओढवते. चित्रपटात हा प्रसंग नाही. तिथे त्याजागी गोलम लबाडीने सॅम आणि फ्रोडोत फूट पाडतो, ते मला फारच ढोबळ वाटले.

या प्रसंगाने तुम्हाला काहीच झाले नाही, तर पुस्तक निःशंकपणे मिटून ठेवा. आत काही हलले, तर उत्तरार्धाच्या आरंभापासून वाचायला लागा. गाणी खुशाल वगळा, आणि शेवटच्या परिशिष्टांतली ॲरागॉर्न व त्याची प्रेयसी आर्वेन यांची गोष्ट तेवढी वाचा. बाकीच्या वंशावळी आणि सनावळ्या ज्यांना हव्या असतात त्यांच्यासाठी आहेत.